विभावरीच्या वाटणीचे लाडू

डार्मस्टाटच्या स्टेशनवर, बेकरीच्या काउंटरशेजारी तो उभा होता. त्याच्या हातांत, खांद्यावर आणि पायाशी मिळून इतक्या पिशव्या होत्या, की ऊर्मिलाला वाटलं, हा माणूस बहुतेक घर बदलायला निघालाय. नोव्हेंबरातला रविवार होता. बाहेर तिथला तो बारीक, चिवट पाऊस सुरू होता... धड भिजवत नाही आणि हाडापर्यंत गारठवल्याशिवाय सोडत नाही, तसला.

"ऊर्मिला?" त्याने विचारलं.

"हो. आणि तुम्ही नागेश."

"कसं ओळखलंत?"

"अर्ध्या स्टेशनला भाजणीचा वास येतोय."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे, जवळजवळ मिटायचेच. ऊर्मिलाने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पुण्याहून जर्मनीला परतणारा मराठी माणूस कधी फक्त स्वतःचं सामान घेऊन येत नाही, हे तिकडे राहिलेल्या कुणालाही माहीत असतं. 'दिवाळीनंतर परततोय, थोडी जागा आहे' असं त्याने तिकडच्या मराठी मंडळाच्या फेसबुक ग्रुपवर लिहायचा अवकाश, की दहा घरांतून दहा आया डबे घेऊन त्याच्या दारात. नागेशने तसं लिहिलं होतं. र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात पुण्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, आणि दर दिवाळीला तो हा उद्योग हौसेने करायचा.

"हा तुमचा." त्याने चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेला डबा तिच्या हातात दिला. मग पिशवीतून तसाच दुसरा काढला. "आणि हा विभावरींचा."

ऊर्मिलाने झटकन हात पुढे केला. "द्या ना... मी देते तिला."

"नाही हं." त्याने डबा चक्क पाठीमागे लपवला. "काकूंनी बजावलंय. विभावरीचा डबा विभावरीच्याच हातात. ऊर्मिलाकडे दिलास तर निम्मे लाडू वाटेत संपतील, म्हणाल्या."

"आई पण ना..."

"आणखी पण एक म्हणाल्या." आता त्याचे कान लाल झाले. "म्हणाल्या, मुलगी फार गुणी आहे. न्युरेम्बर्गला एकटीच असते. तुझंही अजून कुठे ठरलेलं नाही... एकदा भेटून तर घे."

ऊर्मिलाने त्याच्याकडे नीट बघितलं. पावसाळी रविवारी इतक्या पिशव्या वागवत आलेल्या त्या माणसाने कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. म्हणजे आईने विभावरीसाठी स्थळ पाठवलं होतं! आणि पंचाईत अशी, की विभावरी या जगात कुठेच नव्हती.

तिची हकीकत सांगायची तर ऊर्मिलाच्या अकरावीपर्यंत मागे जावं लागेल.

वडिलांची कराडहून पुण्याला बदली झाली आणि ऊर्मिला एका भल्यामोठ्या कॉलेजात जाऊन पडली. तिथल्या मुली शाळेपासूनच्या घोळक्यांत हिंडायच्या, फटाफट इंग्रजी बोलायच्या. कुणी तिला छळलं नाही, चिडवलं नाही. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेमागच्या जिन्यावर बसून डबा खायची. हळूहळू, एकेक घास रेंगाळवत खायची, म्हणजे डबा संपेपर्यंत सुट्टी संपेल. आणि घरी पाऊल टाकलं की आई विचारायची, "झाली का ग कुणी मैत्रीण?" त्या विचारण्यात इतकी आशा असायची, की रोज 'नाही' म्हणताना ऊर्मिलाला काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं. एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, "हो. विभावरी."

आईचा चेहरा असा काही उजळला, की शब्द मागे घेणं शक्यच नव्हतं.

मग विभावरी वाढत गेली. ती कोथरूडला राहायची. तिला दमा होता, त्यामुळे ती घरी यायची नाही. तिचं गणित कच्चं होतं आणि तिला बेसनाचे लाडू फार आवडायचे. आई डब्यात दोन जास्त घालायची. "विभावरीला दे हो." ऊर्मिला दोघींच्या वाटणीचं खायची. त्या वर्षी ती चांगलीच गुटगुटीत झाली आणि आई सगळ्यांना सांगत सुटली, पोरीला कॉलेज मानवलं.

पुढे इंजिनिअरिंगला थोड्याफार ओळखी झाल्या, पण विभावरी राहिलीच. आईचा इतका जीव असलेल्या मुलीला घालवायचं तरी कसं? आणि डार्मस्टाटला पीएच.डी.ची जागा मिळाल्यावर आई रडायला लागली, 'परमुलखात तुझं कोण आहे ग?' तेव्हा विभावरीला न्युरेम्बर्गला नोकरी लागली. इतक्या चटकन, की खऱ्या माणसांनी हेवा करावा.

ऊर्मिलाचं इथलं आयुष्य म्हणजे कागदाच्या तंतूंवरचं संशोधन, विद्यार्थ्यांच्या वसाहतीतली खोली आणि शनिवारची भाजी. लॅबमध्ये कुणी "आलेस गूट?", म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारलं, की ती "आलेस गूट" म्हणायची. स्काइपवर आईला सांगायची, "माझं छान चाललंय." हे वाक्य ती इतकं सफाईने म्हणायची, की तिचं तिलाही ते खरं वाटायचं. आपल्याला कुणी नाही, हे दुसऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तिचा सगळा आटापिटा होता.

आणि आता नागेश डबा धरून समोर उभा.

"मंगळवारी न्युरेम्बर्गला मीटिंग आहे माझी," तो म्हणाला. "पत्ता द्या, नेऊन देतो."

"ती... सध्या टूरवर आहे."

"कधी येणार?"

"सांगता येत नाही."

"बरीच मोठी टूर दिसतेय."

"हो. मी निघते हं, आमचा ग्रुप थांबलाय. सिनेमाला चाललोय आम्ही."

"अरे वा! मी येऊ? डबे तर सगळे वाटायचे संध्याकाळी. तोवर घरी जाऊन मला भिंतीकडेच बघायचंय."

पुण्याहून आपले लाडू वाहून आणलेल्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं? ऊर्मिला चालायला लागली. एक थाप झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. आता सिनेमाला जाणं आलंच. नशीब, विद्यापीठाचा फिल्म क्लब तरी खरा होता. ती तिथे दर रविवारी जायची. एकटी.

लेक्चर हॉललाच पडदा लावलेला. बाकं कडक, हीटरची घरघर, ओल्या कोटांचा वास. नागेशने चहूकडे पाहिलं. "ग्रुप?"

"येतील... नाहीतर पुढे बसले असतील."

त्याने पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथे एक म्हातारं जोडपं सँडविच खात होतं. तो मागच्या बाकावर पिशव्या रचून, विभावरीचा डबा तेवढा मांडीवर घेऊन बसला.

"जर्मन सिनेमा आहे?" दिवे मंदावताना तो कुजबुजला. "मला 'गेनाऊ' आणि 'आल्झो' एवढंच येतं. ऑफिसात तीन वर्षं त्या दोन शब्दांवर काढलीत मी."

"मी सांगत जाईन हळूच."

सिनेमात उत्तरेकडचं समुद्राकाठचं छोटं गाव होतं आणि पंधरा वर्षांची एक मुलगी होती. ती नवीन शाळेत आलेली असते. सुट्टीत अंगणात उभी राहून बुटाची नाडी सोडते, बांधते, पुन्हा सोडते, म्हणजे आपण कशात तरी गुंतलोय असं दिसेल. ऊर्मिला नागेशच्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. सुरुवातीला सोपं गेलं. त्याच्या कोटाला पावसाचा आणि किंचित वेलचीचा वास येत होता. मध्येच तो "अच्छा" म्हणायचा, आणि त्याचा श्वास तिच्या गालाला लागायचा...

मग स्वयंपाकघरातला प्रसंग आला. आई भांडी पुसतेय. मुलगी टेबलाशी बसून, नजर चुकवत, भराभर काहीतरी बोलली. ऊर्मिला थांबली.

"काय म्हणाली?"

"काही विशेष नाही."

"एवढं लांबलचक बोलली की."

"ती म्हणतेय..." ऊर्मिलाने नजर पडद्यावरच ठेवली. "म्हणतेय, तिला एक मैत्रीण मिळालीये."

"पण तिला तर कुणीच नाहीये ना?"

"नाहीये."

पडद्यावरच्या आईने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिचा चेहरा उजळला. ऊर्मिलाला तो चेहरा ओळखीचा होता. भाषा वेगळी, स्वयंपाकघर वेगळं, पण चेहरा तोच. आईने केकचा तुकडा कापला, कागदात गुंडाळला, थोडं थांबून दुसरा कापला.

"आई काय म्हणाली?" नागेशने अगदी हळू विचारलं.

"आई म्हणतेय..." ऊर्मिला त्या दुसऱ्या तुकड्याकडे बघत म्हणाली. "हा तिला दे. घरी केलाय म्हणावं."

पुढचं भाषांतर करावं लागलं नाही. मुलगी समुद्राच्या बांधावर बसून दोन्ही तुकडे खात होती. आधी स्वतःचा आणि मग, थोडं वाट पाहिल्यासारखं करून, दुसरा.

ऊर्मिला पडद्याकडेच बघत राहिली, पण तिला कळत होतं, नागेश आधी मांडीवरच्या डब्याकडे बघतोय आणि मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दहा वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट कुणीतरी एवढी मोठी करून भिंतीवर लावली होती आणि हॉलभर माणसं ती बघत होती. आणि तिने स्वतःच ती वाक्यं मराठीत करून ऐकवली होती... ऐकवली ती नेमकी यालाच!

थोड्या वेळाने तिच्या मांडीवर काहीतरी अलगद टेकलं. विभावरीचा डबा त्याने न बोलता तिच्याकडे सरकवला होता.

सिनेमा सुटल्यावर ती सायकली ठेवायच्या पत्र्याखाली जेमतेम पोचली. पळून जायचं होतं, पण पाऊस वाढला होता.

"मी निघते."

"थांब ना," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "विभावरी टूरवरून यायची नाही ना?"

"नाही."

"म्हणजे मी कडक इस्त्री करून मुलगी बघायला आलो, आणि मुलीने जन्मालाच यायला नकार दिला."

ऊर्मिला रडता रडता फस्सकन हसली. मग म्हणाली, "हसतोयस ना मला? हसण्यासारखंच आहे."

"नाही ग. मी कशाला हसू..." त्याने चिकटपट्टी नखाने उचकटायला सुरुवात केली. "मी आठवीपासून साताऱ्याला वसतिगृहात होतो. आई-बाबा दोघं शिक्षक, तिकडे धडगावला. रविवारी मुलांना भेटायला घरची माणसं यायची. मला भेटायला इतक्या लांबून कोण येणार? मग मी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. प्रत्येक गाडी आली की उठून बघायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, आमचे येणारेत."

"आणि मग?"

"मग काय, अंधार पडला की परत. मुलांना सांगायचो, येऊन गेले." त्याने झाकण उघडलं. "हे डबे आणायचा उद्योग मी का करतो माहितीये? परत यायच्या आठवड्यात प्रत्येक स्टेशनवर कुणीतरी माझी वाट बघत असतं. आता ते चकल्यांसाठी असतं, मला कळतं की. पण गाडीतून उतरलं आणि कुणीतरी हात हलवला... बरं वाटतं."

हे त्याने हसतच सांगितलं. ऊर्मिलाला मात्र हसू आलं नाही. तिने एक लाडू उचलून त्याच्या हातात ठेवला. बोटं गार होती, दोघांचीही.

"दुसऱ्याच्या वाटणीचे खायची तुला सवय असेलच," तो म्हणाला.

"गप रे."

"आईला सांगणार आहेस?"

"नाही. तू?"

"ते तुझं आहे, मी का सांगू?" आणि तोंडात लाडू कोंबून म्हणाला, "पण मुलगी गुणी आहे हं. काकू म्हणत होत्या ते खरं होतं, नाव तेवढं चुकलं."

पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. ऊर्मिलाने मान खाली घातली, पण कानापर्यंत पसरलेलं हसू काही लपलं नाही.

तो हिवाळा मग नेहमीसारखा गेला नाही. दर रविवारी कधी हा डार्मस्टाटला, कधी ती र्युसेल्सहाइमला. मायन नदीच्या काठाने ती दोघं नाकाचा शेंडा लाल होईस्तोवर चालायची. माइन्त्सच्या नाताळच्या बाजारात एकाच मगातून गरम वाइन प्यायली आणि दोघांनाही ती आवडली नाही, हे दोघांनी फार उशिरा कबूल केलं. ती त्याला जर्मन शिकवायची, तो तिला पोळ्या. तिच्या पोळ्या कडक व्हायच्या आणि त्याचं जर्मन त्याहून कडक. प्लॅटफॉर्मवर निरोप घेताना तो तिचा मफलर उगाच सोडून नीट बांधायचा, चांगला वेळ लावून. ती बांधू द्यायची. 'प्रेम' हा शब्द कुणीच काढला नाही. काढायची गरजही वाटली नाही... फेब्रुवारीपर्यंत.

फेब्रुवारीत नागेशचं काम संपत आलं. कंपनी पुण्याला परत बोलावत होती. न्युरेम्बर्गच्या एका कंपनीनेही नोकरी देऊ केली होती, पण उत्तर कार्नेव्हालच्या, तिकडच्या सोंगांच्या सणाच्या, सोमवारपर्यंत हवं होतं. काहीही ठरलं तरी र्युसेल्सहाइमचं घर सुटणारच होतं, म्हणून त्याने मालकिणीला तसं कळवूनही टाकलं.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. नदीकाठचा बाक, दोघांच्या मध्ये कॉफीचे दोन पेले. विचारून तो पाण्याकडे बघत बसला.

ऊर्मिलाच्या मनात एकच उत्तर होतं आणि ते घशापर्यंत आलंही होतं. पण दहा वर्षांची सवय. "तुझं करिअर आहे, तूच ठरव," ती म्हणाली. "माझा विचार करू नकोस. माझं इथे छान चाललंय."

"छान?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर त्याने मफलर बांधला नाही.

खोलीवर येऊन ऊर्मिला किती तरी वेळ कोटासकट बसून राहिली. आपण ते वाक्य कुठल्या आवाजात म्हटलं, हे तिला कळत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, नजर चुकवत, भराभर. सिनेमातली ती पोरगी पंधरा वर्षांची तरी होती.

शनिवारी स्काइपवर आई सुस्कारा टाकत म्हणाली, "नागेश परत येतोय म्हणे. म्हणजे विभावरीचं काही जुळलं नाही तर."

"आई," ऊर्मिला म्हणाली, "विभावरी नाहीये."

"नाहीये म्हणजे? कुठे गेली?"

"कधी नव्हतीच. मला अकरावीत कुणी मैत्रीण नव्हती. तू रोज विचारायचीस, म्हणून मी... बनवून सांगितली."

पडद्यावर आईचा चेहरा इतका स्थिर झाला, की ऊर्मिलाला वाटलं इंटरनेट अडकलं. मग आईचे ओठ हलले. "आणि दम्यासाठी मी अडुळशाचं औषध पाठवलं होतं, ते?"

"मी प्यायले."

"सगळं?"

"सगळं."

आईला आधी हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने पदर डोळ्यांना लावला. "एवढी वर्षं एकटी बसून खात होतीस होय ग? आणि मी इथे सगळ्यांना सांगते, माझी मुलगी माणसांत रमते."

"तुला काळजी वाटली असती."

"मग वाटू द्यायची! आईला दुसरं काय काम असतं? करमत नसेल तर करमत नाही म्हणावं. त्यात कमीपणा कसला?" आई थांबली, नाक पुसलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "हे नागेशला तरी ठाऊक आहे का?"

"विभावरीचं? ठाऊक आहे."

"मी विभावरीचं नाही विचारत."

ऊर्मिलाने खुर्चीवरचा मफलर उचलून मांडीवर घेतला.

"जा," आई म्हणाली. "आता तेही मीच शिकवायचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्मिला नागेशकडे जायला माइन्त्सच्या गाडीत चढली तर गाडी सोंगांनी फुललेली. कार्नेव्हालचा रविवार! चाचे, परी, दोन चेटकिणी आणि एक ढेरपोट्या माणूस चक्क मधमाशी होऊन आलेला. तिच्याशेजारी कसेबसे पंख दुमडून बसत त्याने विचारलं, "आलेस गूट?"

"नाइन," ऊर्मिला म्हणाली. म्हणजे, नाही.

मधमाशी दचकली. असं उत्तर तिथे कुणी देत नाही. मग त्याने डोक्यावरच्या शिंगांसकट मान हलवली, पिशवीतून साखरेत घोळलेला क्रेपेल, म्हणजे तळलेला गोड पाव, काढून तिच्या हातात दिला आणि बिशोफ्सहाइमला ती गाडी बदलायला उतरली तेव्हा "शुभेच्छा!" म्हणून जोरात ओरडला. आपल्या तोंडून इतक्या सहज निघालेल्या त्या एका 'नाइन'ने तिला भारी धीर आला.

नागेशच्या घराचं दार उघडंच होतं. घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्यायची तिथली रीत. फरशीभर वर्तमानपत्रं पसरलेली, आणि तो जुन्या बनियनवर शिडीच्या वरच्या पायरीवर, हातात रंगाचा रोलर.

"तू?" तो म्हणाला. "फोन तरी करायचा. दाराला हात लावू नकोस, ओलं आहे."

"फोनवर जमलं नसतं."

"काय?"

गाडीत तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. त्याला अशा अवतारात बघितलं आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"माझं छान चाललेलं नाहीये," ती म्हणाली.

त्याचा रोलर भिंतीवरून खाली आला.

"कधीच नव्हतं. या हिवाळ्यात होतं, ते तुझ्यामुळे. तू गेलास तर मला करमणार नाही, नागेश. रविवारीच नाही... कुठल्याच दिवशी. पुण्याला जायचं तर जा, तुझं आयुष्य आहे. पण हिला काही वाटत नाही असं समजून जाऊ नकोस. मला वाटतं. फार वाटतं." ती शिडीच्या अगदी जवळ आली. "जाऊ नकोस."

रोलरमधून रंगाचा थेंब तिच्या बुटावर पडला. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचं."

"जाऊ नकोस."

नागेश खाली उतरायला लागला आणि मधल्याच पायरीवर बसला. "सुट्टी संपली की बाबा माझी बॅग भरायचे," तो म्हणाला. "मी मुद्दाम रमतगमत तयार व्हायचो, गाडी चुकावी म्हणून. चुकायची पण. मग ते पुढच्या गाडीत बसवून द्यायचे. माझ्या भल्यासाठीच, मला कळायचं. पण ऊर्मिला, मला आजवर कुणी म्हटलेलंच नाही ग, की जाऊ नकोस." त्याने मनगटाने डोळे पुसले. "त्या दिवशी मी तुला सल्ला विचारला नव्हता."

"कळलं मला. उशिरा कळलं."

"उशीर नाही झालेला. उत्तर उद्या द्यायचंय." तो उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रंगाने माखलेले हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. "न्युरेम्बर्गला हो कळवतो. तिथून गाडीला अडीच-तीन तास लागतील. पोळ्या अजून कडकच होतात तुझ्या. आणि मला आवडतेस तू. फार. ते स्टेशनवर बघितलं तेव्हापासून... विभावरीला बघायला आलो होतो तरी."

ऊर्मिलाने त्याचे हात धरले, रंगासकट. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आतापर्यंत आवरून धरलेलं सगळं एकदम वाहायला लागलं. खालच्या रस्त्यावरून वाजतगाजत सोंगांची एक टोळी गेली. तिचे खांदे हलताना बघून तो घाबरला.

"अग... रडतेस का?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती म्हणाली असती, छे, रंगाचा वास डोळ्यांना झोंबतोय.

"हो," ती म्हणाली. "रडतेय." आणि तोंड न लपवता, त्याच्या समोरच, मनसोक्त रडत राहिली.